बॅगेऐवजी गाडी

बेनिता : आजी, ही बॅग नाहीये.

आजी : मग काय आहे?

बेनिता : गाडी आहे. मिनीबस. चार चाकं आहेत हिला, खिडक्या आहेत. बॅगेला खिडक्या असतात का?

आजी : बघू इकडे. हं. असतीलही एखादीला. हल्ली काय काय निघतं बाजारात.

बेनिता : सकाळपासून तुझ्या कानीकपाळी ओरडतेय मी. एवढीशी बॅग आण, आत एवढासा पासपोर्ट असलेली. जत्रेत बाराच्या आत घे आणि भर बाराला धूर दाखव. तू मान डोलावलीस.

आजी : माझी मान वाऱ्यानेही डोलते. वय झालं.

बेनिता : आणि हिला धूर दाखवून आणलंस?

आजी : दाखवला म्हणजे काय! यातिरी भगताने धूर दिला, मंत्र म्हटले, वर दारू शिंपडली. थोडी त्याने स्वतःवरही शिंपडली, आतून. मग तशीच पळत चर्चच्या दारात गेले, पाद्रीबाबांकडून पाणी मारून घेतलं. दोन्हीकडून पक्कं. बघ, टपावर पाकळी चिकटलीय अजून.

बेनिता : म्हणजे आता एकेको मला वर्षभरात खरी गाडी देणार.

आजी : देईल बापडा. मिशीवाला देव आहे. खांद्यावर एवढी ओझी घेऊन उभा असतो, त्यात एक गाडी काय जड आहे त्याला?

बेनिता : मला गाडी नकोय! आज सातच्या बसने मी साओ पाउलोला निघालेय. हे गाठोडं दिसतंय ना? घरमालकिणीला किल्ली देऊन आले मी. विल्मर तिकडे वाट बघतोय. आणि आता बॅगेला धूर न देताच सीमेवर जाऊन उभी राहू? तिथूनच परत पाठवलं म्हणजे?

आजी : तर परत येशील. रस्ता ओळखीचा असेल तोवर.

बेनिता : आजी!

आजी : अगं, मी बॅग घेतलीच होती हातात. देवाशपथ. लाल होती, सोनेरी कुलूप होतं. तेवढ्यात एक कुत्रा आला, डोक्यावर टोपी घातलेला. कुत्र्याने बॅग पाहिली, बॅगेने कुत्र्याला पाहिलं, आणि दोघं मिळून निघून गेले. मी काय करणार? पुढ्यात गाडी होती, ती उचलली. बाराचे ठोके पडत होते.

बेनिता : कुठून घेतलीस? चल. बदलून आणू.

आजी : आधी काहीतरी खाऊ या. मका, पावटा आणि तळलेलं चीज. आज नाही खायचं तर कधी?

बेनिता : आधी गाडी.

आजी : एवढा हट्ट बरा नव्हे हं. बरं, चल. हे काय, हेच दुकान. चार पावलांवर तर आहे.

एन्कार्ना : या, या कासेरिता, लाडकं गिऱ्हाईक माझं! घरं आहेत, गाड्या आहेत, साखरेची पोती, सिमेंटची पोती, डिग्र्या, डॉलर. नवरा हवा असेल तर कोंबडा आहे. काय देऊ?

बेनिता : बदलून द्या. ही गाडी घ्या आणि बॅग द्या.

एन्कार्ना : धूर दिलाय हिला?

बेनिता : दिलाय. चुकून.

एन्कार्ना : मग कशी बदलू? बारशाला नाव ठेवल्यावर पोर परत घेतं का कोणी?

बेनिता : मग दुसरी बॅग द्या. विकत घेते.

एन्कार्ना : घे की. पण बारा होऊन गेले. आता ती नुसती खेळणं. शिवाय स्वतःसाठी स्वतः घेतलेलं लागू पडत नाही, ठाऊक आहे ना? दुसऱ्याने द्यावं लागतं.

बेनिता : आणि घेतलं तर काय होतं?

एन्कार्ना : कोण जाणे. कोणी घेऊन बघितलंच नाही.

आजी : आमच्या नेमेसिओने बघितलं होतं. गल्लीतला तो, दात पुढे असलेला. स्वतःसाठी स्वतःच बॅग घेतली. सकाळी उठून बघतो तर घरातली खरी बॅग गायब. त्याचे कपडे घेऊन ती एकटीच ब्वेनोस आयर्सला गेली. नाताळला कार्ड पाठवते. हा अजून इथेच, त्याच शर्टात.

बेनिता : आजी, लोक ऐकतायत.

आजी : ऐकू देत. फुकट आहे.

एन्कार्ना : पण आजीबाईंचं म्हणणं खरं आहे. हातात जे आलं ते तसंच घडतं. माझ्याकडून एकाने घर नेलं. कारागिराने घाईत त्याला दार कोरलंच नव्हतं, नुसतं रंगवलं होतं.

आजी : तो तेओफिलो! माझा मावसभाऊच तो. त्याने खरं घर बांधलं, चारी भिंती झाल्या आणि गवंडी पळून गेला. दार राहूनच गेलं. आज वीस वर्षं शिडी लावून खिडकीतून येजा करतो. आधी डोकं धरून बसला होता. मग बघितलं तर सासूला शिडी चढता येत नाही. आख्ख्या वस्तीत त्याच्याइतका सुखी संसार कोणाचा नाही.

बेनिता : तुम्हाला दोघींना माझी चेष्टा सुचतेय. मला काही सुचत नाहीये. सकाळपर्यंत सगळं ठरलं होतं. बॅग येणार, मी बसमध्ये बसणार, संपलं. एवढी एक गोष्ट सरळ होऊ नये?

एन्कार्ना : तिकडे काय आहे, साओ पाउलोला?

बेनिता : नवरा आहे. शिवणकामाच्या कारखान्यात. गिअरबॉक्स गेल्यावर आमची मिनीबस भंगारात विकली आणि तो गेला. म्हणतो, शेजारचं मशीन तुझ्यासाठी धरून ठेवलंय.

एन्कार्ना : भांडला होता का जाताना?

बेनिता : नाही हो. वाईट नाहीये तो. फोन करतो रोज. पण बोलताना मशीन बंद करत नाही. मी इकडून काही सांगते, तिकडून घर्रर्र येतं. मग मी म्हणते, बरं, ठेवते. रात्री त्या मशीनखालीच गाद्या घालून झोपतात म्हणे. तो म्हणतो, ऊब असते.

आजी : बघ. मशीनखाली माझी नात. उंदीरसुद्धा भाड्याने बरी जागा बघतो.

बेनिता : मग इथे काय करू? तूच सांग. इथे माझं आहे काय? अकरा वर्षं मिनीबसच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ओरडले. 'सेहा, सेहा, सेहा! जागा आहे, जागा आहे!' जागा नसायचीच. तेवढंच येतं मला. आणि तेही रोपवेने खाल्लं. मी खाली ओरडतेय आणि माणसं डब्यात बसून माझ्या डोक्यावरून चाललीयत, हात हलवत. एकाने तर केळ्याचं साल टाकलं, सरळ माझ्या टोपीवर.

एन्कार्ना : आणि ती माणसं वर जाऊन उतरतात कुठे?

बेनिता : वरच्या स्टेशनात. आणखी कुठे उतरणार?

एन्कार्ना : आणि मग?

बेनिता : मग काय मग? मग उभी राहतात. तिथून मागच्या वस्त्यांकडे जायला मिळतंय काय? अंगावर गारा पडतायत, पाठीला पोर बांधलेलं, हातात बटाट्याचं पोतं, आणि चिखल तुडवत जायचं. मी स्वतः गेलेय ना परवा. स्टेशनाच्या दारात ही गर्दी. आणि आपल्या मिनीबस लाइनच्या गाड्या अजून त्याच जुन्या रस्त्याने रिकाम्या खालीवर करतायत, रोपवेला शिव्या देत. एकालाही अक्कल नाही की...

आजी : की काय?

बेनिता : काही नाही.

आजी : की काय, पोरी?

बेनिता : काही नाही म्हटलं ना. गरम होतंय मला.

आजी : या थंडीत?

बेनिता : आजी, गप्प बस. गाडी नाहीये. विचार करून काय उपयोग? आणि गाडी असली तरी चालवणार कोण?

एन्कार्ना : तुला नाही येत?

बेनिता : नाही. म्हणजे... येते. दर सोमवारी पहाटेची पहिली फेरी मीच मारायचे. विल्मरचा रविवार उतरलेला नसायचा, मागच्या सीटवर घोरत पडायचा. मी त्याची टोपी घालायची, चालवायचंही मीच आणि ओरडायचंही मीच. लाइनमध्ये कोणाला कळलं नाही.

आजी : मला कळलं होतं. सोमवारी गाडी खड्डे चुकवत जायची.

बेनिता : लायसन्ससुद्धा काढलं गुपचूप. फोटोत डोळे मिटलेले आलेत.

एन्कार्ना : मग घाबरतेस कशाला, बेनिता? तुझा आवाज तर अख्ख्या सेहा चौकाला ठाऊक आहे.

बेनिता : ...माझं नाव कुठून कळलं तुम्हाला?

एन्कार्ना : ते... आत्ता आजीबाईंनी हाक मारली ना.

बेनिता : ती मला पोरी म्हणते. आल्यापासून पोरीच म्हणतेय.

आजी : बघ, बघ, पाऊस येणार वाटतं.

बेनिता : आजी.

आजी : कुत्रा! तोच कुत्रा, टोपीवाला! गेला बघ त्या गल्लीत.

बेनिता : आजी, तू या बाईंना ओळखतेस.

आजी : तशी मी सगळ्या जगाला ओळखते.

एन्कार्ना : जाऊ दे हो गुमेर्सिन्दाबाई, आता काय लपवायचं. अगं, आम्ही दोघी लहानपणी एका गावात बटाटे काढायचो. गेल्या रविवारी भेटल्या, रडायला लागल्या. म्हणाल्या, एन्कार्ना, पोरगी चालली. मी म्हटलं, माझ्या अंगणात मिनीबस उभी आहे. आमच्या ह्यांचे गुडघे गेले. दोन ड्रायव्हर ठेवून पाहिले, एक दारू पिऊन यायचा, दुसऱ्याला बायकोने हाकललं तर तो गाडीतच राहायला आला, स्टोव्ह घेऊन. आता गाडीत कोंबड्या राहतात. लाइनमधली आमची जागा अजून आहे, पण कोणी चालवली नाही तर काढून घेतील. तेव्हा मी म्हटलं...

बेनिता : तेव्हा तुम्ही दोघींनी मिळून ठरवलं.

आजी : मी रडले नव्हते. माझ्या डोळ्यात कांदा गेला होता. आख्खा.

बेनिता : हसू नकोस! हसायचं नाहीये मला. विल्मरने ठरवलं, मशीन. तू ठरवलंस, गाडी. मग माझ्याकडे बघून दोघंही म्हणता, अगं चल की, एवढी काय विचारात पडलीस? मला कोणी विचारलंच नाही की तुला काय पाहिजे.

आजी : बरं. तुला काय पाहिजे?

बेनिता : मला माहीत नाही!

आजी : हं.

बेनिता : खरंच माहीत नाही, आजी. इकडे बघितलं की तिकडचं बरं वाटतं. तिकडे बघितलं की श्वास घ्यायला होत नाही. आपल्या एल आल्तोच्या उंचीवर लोकांना दम लागतो, मला तिकडच्या सपाटीच्या नुसत्या विचाराने लागतोय. काल रात्री गाठोडं बांधलं, सोडलं, परत बांधलं. वाटलं, एकेकोवर सोडून द्यावं. बॅगेला धूर मिळाला की जायचं. म्हणजे मग माझी जबाबदारी नाही. कळतंय का तुला? म्हणून एवढी धडपड चालली होती माझी त्या बॅगेसाठी.

आजी : कळतंय.

बेनिता : आणि तू तेही काढून घेतलंस.

आजी : घेतलं. तुझा आजोबा असाच देवावर सोडून खाणीत गेला. देवाने उचलून धरला असेलही, पण माझ्या घरी नाही पोचवला.

एन्कार्ना : हे बघ पोरी, मी तुला गळ घालत नाहीये. बॅग हवी तर ही घे, तशीच घे, धुराशिवाय. लाल आहे, सोनेरी कुलूप आहे.

बेनिता : ही तर तीच बॅग. म्हणजे कुत्राबित्रा काही नव्हता.

आजी : कुत्रा होता. त्याला ही बॅग आवडली नाही, एवढंच.

बेनिता : ...गाडी कुठली आहे? कोणती, म्हणजे.

एन्कार्ना : जपानी. जुनी आहे, पण इंजिन बरं आहे. डावा दरवाजा आतून उघडत नाही. पत्र्यावर एक पोपट काढलेला आहे, तो आमच्या ह्यांचा हट्ट.

बेनिता : पोपट खोडावा लागेल.

आजी : खोडू.

बेनिता : तू गप्प. मी काही ठरवलेलं नाही. आणि मी चालवलीच तर पगारावर चालवणार नाही, एन्कार्नाबाई. निम्मी निम्मी. आणि जुन्या रस्त्याने नाही. वरच्या स्टेशनाच्या दारातून, मागच्या वस्त्यांपर्यंत. लाइनवाले हसतील.

एन्कार्ना : हसू देत. आमच्या ह्यांनाही हसायचे, पोपट काढला तेव्हा.

बेनिता : ते काय म्हणतील? तुमचे हे?

एन्कार्ना : ते म्हणतील बाई कशी चालवणार. मग मी त्यांच्या गुडघ्याकडे बघेन. मग गप्प बसतील.

बेनिता : लाइनची बैठक असते शनिवारी. तिथे मला स्वतः जाऊन बोलायचंय. तुम्ही नाही बोलायचं माझ्या वतीने. आणि आजी तर फाटकाच्या आतसुद्धा येणार नाही.

आजी : बाहेरून ओरडेन.

बेनिता : आणि पंधरा दिवस. पंधरा दिवसांत जमलं नाही तर मी जाईन साओ पाउलोला. कोणी रडायचं नाही, कोणाच्या डोळ्यात कांदा जायचा नाही.

आजी : बरं.

बेनिता : नुसतं बरं म्हणू नकोस. मला भीती वाटतेय.

आजी : मलाही वाटतेय. तू गाडी जोरात चालवतेस.

एन्कार्ना : दुकान बहिणीकडे सोपवते. निघायचं का बघायला?

बेनिता : बघायला फक्त.

एन्कार्ना : बघायला फक्त.

आजी : आधी मका, पावटा आणि चीज. उपाशीपोटी आयुष्याचं काहीही बघू नये, चक्कर येते. माझ्या मावशीला, ती हिपोलिता, तिला कोणीतरी कोंबडा दिला होता नवऱ्यासाठी. उपाशीपोटीच बघायला गेली आणि हो म्हणून बसली. तर नवरा असा निघाला की पहाटे चारला उठून आरवायचा. कपाटावर बसून झोपायचा. नुसता मका खायचा.

बेनिता : आणि मग तिने काय केलं?

आजी : बेकरी काढली. चारला उठावं लागायचंच की.

(एल आल्तोला, एन्कार्नाच्या अंगणात. दुपार उतरली आहे. कोंबड्या गाडीतून बाहेर आल्या आहेत, एक सोडून.)

बेनिता : हॅलो, विल्मर? ऐकू येतंय का? ...नाही, टर्मिनलवर नाही. गाडीत. ...बसमध्ये नाही रे, गाडीत. ...कोणाची ते नंतर सांगते. आधी मशीन बंद कर. ...बंद कर म्हणजे सांगते. ...हां. आता कसं नीट येतंय. मी आज निघत नाहीये, विल्मर. ...नाही, रागावले नाही. ...आजीने काही नाही सांगितलं. म्हणजे सांगितलं, कुत्र्याचंही सांगितलं, पण म्हणून नाही. ...ते मलाच अजून धड कळलेलं नाही, तुला काय समजावू? ...पंधरा दिवस तरी. मग बघू. ...तू यायचं की मी यायचं ते आत्ता नको ना विचारू. ...हो, खाल्लं. मका खाल्ला. तू पण खा. ...बरं, ठेवते.

आजी : काय म्हणाला?

बेनिता : फार काही नाही. मशीन बंद केल्यावर त्याला काय बोलावं तेच सुचेना.

एन्कार्ना : येईल का परत?

बेनिता : माहीत नाही.

आजी : माझ्या एका चुलत्याचं अगदी असंच झालं होतं, तो...

बेनिता : आजी, आत्ता नको.

आजी : बरं.

एन्कार्ना : चावी फिरव. आधी खोकेल, मग शिंकेल, मग चालू होईल. घाबरू नकोस.

बेनिता : थांबा जरा. ही सीट पुढे येत नाहीये.

एन्कार्ना : ती कधी कोणी हलवलीच नाही. आमचे हे उंच ना.

बेनिता : घरात थोडं तेल असेल? माझे पाय पोचत नाहीयेत.